कोर्टाच्या नाटकाला नाक मुरडणाऱ्यांना

हौशी नाट्यसंस्थेनं कोर्टातलं खुनाचं नाटक करायला घेतलं, की नाट्यवर्तुळातली काही मंडळी लगेच नाक मुरडतात. संस्था दादरची किंवा पार्ल्याची असेल तर 'चला, बुकिंगची सोय केली' एवढ्यावर भागतं. ती मीरा रोड-भाईंदरची असेल तर सुरात दयाही मिसळते. 'तिथल्या प्रेक्षकाला ठीक आहे' हे वाक्य मी इतक्या वेळा आणि इतक्या जाणत्या तोंडांतून ऐकलं आहे, की आता गप्प बसणं म्हणजे ते मान्य करणं होईल.

आक्षेप साधारण असा मांडला जातो. कोर्टाचं रहस्यनाटक हा विलायतेतून आलेला माल, ॲगाथा ख्रिस्ती वाचून वाढलेल्या इंग्रजांचा फावल्या वेळचा खेळ. खुनी कोण एवढं कळलं की नाटक संपलं, दुसऱ्यांदा कोण बघणार? आणि वर ते खोटं. आपल्या कोर्टांत असं काही घडत नसतं. तिथं तारखा पडतात, साक्षीदार फितूर होतात, वकील मुदत मागतात. मग ज्या शहराला इतक्या उशिरा नाट्यगृह मिळालं, तिथल्या संस्थांनी स्वतःच्या मातीतलं काही करायचं सोडून हे का करावं?

यातला पहिला मुद्दा चुकीचा आहे, दुसरा आळशी आहे. तिसरा बऱ्याच अंशी खरा आहे आणि त्यावरच मला जास्त बोलायचं आहे, कारण त्यातून काढलेला निष्कर्ष उलटा आहे.

आधी आयात मालाचं बघू. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'चा नववा अंक ज्यांनी वाचला नाही, त्यांनी विलायतेचं नाव घेण्याआधी तो वाचावा. न्यायसभा भरली आहे. न्यायाधीश म्हणजे अधिकरणिक, त्याच्या जोडीला श्रेष्ठी आणि कायस्थ. राजाचा मेहुणा शकार फिर्याद घेऊन आला आहे: गणिका वसंतसेनेचा खून झाला आणि तो दागिन्यांच्या लोभानं चारुदत्तानं केला. वसंतसेनेच्या आईची साक्ष होते. चारुदत्त ओशाळून अर्धवट उत्तरं देतो आणि संशय वाढतो. उद्यानात एका बाईचं प्रेत पाहिल्याचं सांगितलं जातं. नेमका त्याच वेळी चारुदत्ताचा मित्र मैत्रेय तिथं पोचतो, शकाराशी त्याची झटापट होते आणि त्याच्या काखेतले वसंतसेनेचे दागिने भर न्यायसभेत खाली पडतात. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी पूर्ण. प्रेक्षकाला मात्र ठाऊक आहे, की तिचा गळा दाबणारा शकारच आहे आणि तो फिर्यादीच्या जागी उभा राहून आवाज चढवतो आहे. नाटककार देवलांनी हे नाटक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला मराठी संगीत रंगभूमीवर आणलं. तेव्हा ॲगाथा ख्रिस्ती जन्माला यायची होती किंवा पाळण्यात होती.

पुढे या. १९६२ च्या ऑक्टोबरात दिल्लीला 'तो मी नव्हेच'चा पहिला प्रयोग झाला. लेखक आचार्य अत्रे, दिग्दर्शक मो. ग. रांगणेकर, मुख्य भूमिकेत प्रभाकर पणशीकर. माधव काझी या ठगाचा खटला अत्र्यांच्या डोळ्यांसमोर होता. आरोपीच्या पिंजऱ्यात निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे उभा आहे आणि स्वतःचा बचाव स्वतः करतो आहे. एकेक साक्षीदार येतो, साक्षीतून घटना उभी राहते, फिरता रंगमंच फिरतो आणि पणशीकर दुसरं नाव, दुसरा वेश, दुसरी बोली घेऊन समोर येतात. (संयुक्त महाराष्ट्रासाठी रान पेटवणाऱ्या अत्र्यांनी आपला ठग सीमेपलीकडे राहिलेल्या निपाणीचा केला, याची मला नेहमी गंमत वाटते.) मराठी व्यावसायिक रंगभूमीवर हजारांत प्रयोग झालेली जी मोजकी नाटकं आहेत, त्यांतलं एक हे आहे, आणि ते पहिल्यापासून शेवटपर्यंत कोर्टात चालतं.

पाच वर्षांनी, १९६७ मध्ये, 'रंगायन'नं विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' केलं. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं, लीला बेणारे सुलभा देशपांडे. आधुनिक मराठी नाटकाची ओळख जगाला ज्या नाटकानं करून दिली, ते कोर्टाचं नाटक आहे. आणि ते आलं कुठून? तेंडुलकरांनी सांगितलं आहे, की एक हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला विलेपार्ल्यात निघाली होती. त्यांची बोलणी कानांवर पडली आणि तिथून नाटकाचं बीज मिळालं. म्हणजे पश्चिम रेल्वेच्या एका उपनगरात, कुठल्याशा हौशी मंडळाच्या लुटूपुटूच्या खटल्यात ते सापडलं. नाटकातही तेच आहे. खेड्यातल्या सभागृहात अमेरिकेच्या अध्यक्ष जॉन्सनवर अणुबॉम्बबद्दल खटला भरायला आलेली मुंबईची मंडळी, हाताला काम नसलेला वकील सुखात्मे, इंटर नापास पोंक्षे, सभापतीच्या तोऱ्यातले काशीकर. संध्याकाळच्या प्रयोगाला अवकाश म्हणून वेळ घालवायला ते एक खोटा खटला मांडतात, आरोपी म्हणून बेणारेबाईंना उभं करतात, आरोप भ्रूणहत्येचा ठेवतात आणि बघता बघता खेळ खरा होतो. हौशी संस्थेनं कोर्टाचं नाटक करणं हा तेंडुलकरांच्या लेखी हसण्याचा विषय होता, हे मान्य. पण तो त्यांनी फालतू मानला नाही. त्यात किती हिंसा दडलेली असू शकते, हे त्यांनी ओळखलं.

आता कुणी म्हणेल, तेंडुलकरांचं नाव पुढे करून ख्रिस्तीला आत घेऊ नका. 'शांतता'त रहस्य नाही, 'तो मी नव्हेच'मध्येही नाही. बरोबर. आणि इथंच दुसरा आक्षेप आपोआप कोसळतो. लखोबा गुन्हेगार आहे हे तिसरी घंटा होण्याआधीपासून सगळ्या प्रेक्षागृहाला माहीत असतं, तरी लोक पुन्हा पुन्हा जात राहिले. 'मृच्छकटिका'त कोणी काय केलं हे आपण आधीच्या अंकात डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मग माणसं कशासाठी बसतात? उलटतपासणीसाठी. सरतपासणीत साक्षीदारानं छातीठोकपणे सांगितलेलं वाक्य वकील जसंच्या तसं परत उच्चारतो, फक्त मधे एक छोटा प्रश्न घालतो, आणि त्या वाक्याचा अर्थ आपल्या डोळ्यांदेखत फिरतो. शब्द तेच, माणूस तोच, पण मघाशी आपण ज्याच्यावर विश्वास ठेवला होता तो आता खोटारडा दिसतो. दुसऱ्या कुठल्या नाट्यप्रकारात प्रेक्षकाचं मत इतक्या उघडपणे, इतक्या वेळा आणि त्याच्या संमतीनं बदललं जातं?

ख्रिस्तीचंच घ्या. 'विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन' ही मुळात १९२५ मध्ये छापून आलेली लघुकथा. नाटक झालं १९५३ मध्ये. कथेचा शेवट तिला पटत नव्हता, नाटकात तिनं तो बदलला आणि त्या शेवटासाठी ती भांडली. शेवट काय आहे ते मी इथं सांगणार नाही. पण ज्यांनी ते नाटक एकदा पाहिलं आहे त्यांनी दुसऱ्यांदा जावं आणि पूर्ण वेळ फक्त आरोपीच्या बायकोची भूमिका करणारी नटी बघावी. पहिल्या वेळी जिथं फक्त थंडपणा दिसला होता तिथं आता काय चाललं आहे, हे कळायला शेवट ठाऊक असावाच लागतो. एकदा कळलं की संपलं म्हणणाऱ्यांनी नाटक एकदाही नीट पाहिलेलं नाही. लंडनमध्ये २०१७ पासून हे नाटक काउंटी हॉलच्या जुन्या सभागृहात चालू आहे. तिथं काही प्रेक्षकांना ज्यूरीच्या जागांवर बसवतात. आयन रँडनं १९३५ मध्येच ब्रॉडवेवर 'नाइट ऑफ जानेवारी सिक्सटीन्थ'मध्ये प्रेक्षकांतून ज्यूरी निवडली होती आणि शेवट त्यांच्या निकालाप्रमाणे व्हायचा. क्लृप्ती आहे, हे कबूल. पण प्रत्येक कोर्टनाटकात प्रेक्षक मनातल्या मनात जे करत असतो, तेच या दोघांनी उघड केलं.

आणि हे काम आमच्या शहरात फुकट जाणारं नाही. मीरा-भाईंदरचं नाव एखाद्या गुन्ह्याच्या बातमीत आलं, की आरोपपत्र दाखल व्हायच्या आधी वाहिन्यांचा निकाल लागलेला असतो, आणि इमारतीच्या जिन्यात त्याची अंमलबजावणीही. आरोपीच्या बाजूनं कुणी बोलायला उभं राहिलं तर ते ऐकून घ्यायची सवय आपल्याला कुठून लागणार? ज्या अडीच तासांत प्रेक्षकाला 'थांब, अजून दुसरी बाजू यायची आहे' असं चार वेळा ऐकावं लागतं, ते अडीच तास उथळ म्हणायचे आणि एखाद्या प्रतीकात्मक एकांकिकेतली पंधरा मिनिटांची शांतता गंभीर म्हणायची, हा हिशेब मला जमत नाही.

'तिथल्या प्रेक्षकाला' या शब्दांकडेही वळू. तिथला प्रेक्षक म्हणजे कोण? महापालिका झाली २००२ मध्ये. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांच्या वर होती. इतक्या माणसांना स्वतःच्या शहरात पूर्ण नाट्यगृह नव्हतं. नाटक बघायचं तर बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे गाठायचं किंवा घोडबंदर रस्त्यानं ठाण्याला जायचं आणि परतताना तिसऱ्या अंकापेक्षा शेवटच्या गाडीची चिंता जास्त. लता मंगेशकरांच्या नावाचं नाट्यगृह दहिसर नाक्याजवळ २०२२ मध्ये उभं राहिलं, तोवर इथल्या माणसानं मराठी नाटक पाहिलं ते असं खर्च करून, दगदग सोसून. त्याला 'झेपणार नाही' म्हणणाऱ्यांपैकी कितींनी नाटकासाठी एवढा प्रवास केला आहे?

बरं, न्यायालयाचंही तसंच. मीरा रोडला दिवाणी आणि फौजदारी न्यायालय सुरू व्हायला २०२५ चा मार्च उजाडावा लागला. तोवर एका तारखेसाठी ठाणे, आणि तिथं गेल्यावर पुढची तारीख. म्हणजे इथल्या प्रेक्षकाला नाट्यगृह आणि न्यायालय दोन्ही नवीन आहेत. अशा शहरातल्या संस्थेनं या दोन्ही गोष्टी एकाच रंगमंचावर आणल्या तर तो पळपुटेपणा कसा होतो, हे कुणीतरी मला समजावून द्यावं.

आणखी एक गोष्ट आहे, ती टीकाकारांना दिसत नाही, कारण त्यांना संस्था चालवावी लागत नाही. व्यावसायिक नाटकात आज प्रत्येक नटाची नाईट, गाडी, नाट्यगृहाचं भाडं, जाहिरात यांची बेरीज केली की लेखकाला आधीच सांगितलं जातं: पात्रं चार, फार तर पाच. कोर्ट भरायला किमान बारा-पंधरा माणसं लागतात. न्यायाधीश, दोन्ही बाजूंचे वकील, आरोपी, तपास अधिकारी, डॉक्टर, शेजारीण, मोलकरीण, शिरस्तेदार, पुकारा करणारा पट्टेवाला. एवढी माणसं पगारावर नेणं निर्मात्याला परवडत नाही. हौशी संस्थेकडे दुसरं काही नसेल, माणसं असतात. साक्षीदाराच्या कठड्यानं तर हौशी नटांचं जितकं भलं केलं आहे तितकं कुठल्याही शिबिरानं केलं नसेल. नाटकभर रंगमंचावर टिकून राहणं ज्याला जमणार नाही, असा बँकेतला किंवा वर्कशॉपमधला माणूस त्या कठड्यात दहा मिनिटं उभा राहतो, त्याला हलायचं नसतं, हातांचं काय करायचं हा प्रश्न लाकडी दांड्यानं सोडवलेला असतो, आणि तो फक्त ऐकतो आणि उत्तर देतो. ऐकून उत्तर देणं, अभिनयाची सुरुवात तिथूनच होते. नेपथ्य एकच, अंधार करून सामान हलवायची गरज नाही. राज्य नाट्य स्पर्धेच्या वेळेत बसतं. म्हणजे जे नाटक व्यावसायिक रंगभूमीनं खर्चापायी जवळपास सोडून दिलं, ते करण्याची ऐपत आज फक्त हौशी संस्थेत आहे. तिनं ते केलं तर ती व्यावसायिकांची नक्कल होत नाही. त्यांना जे जमत नाही ते ती करते.

आता तिसरा आक्षेप. कोर्टनाटक खोटं असतं. हो, पुष्कळदा असतं, आणि याबाबतीत मी टीकाकारांपेक्षा कडक आहे. रंगमंचावरचा न्यायाधीश हातोडा आपटून 'ऑर्डर, ऑर्डर' ओरडतो, आपल्या न्यायालयांत तशी रीत नाही. साक्षीदार गीतेवर हात ठेवून शपथ घेतो. १९६९ च्या शपथ कायद्यात ग्रंथ कुठंच नाही. ईश्वरसाक्ष किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा, एवढंच आहे. वकील साक्षीदाराच्या खांद्यावर हात ठेवतात, न्यायाधीशाकडे पाठ करून प्रेक्षकांना भाषण देतात. हे सगळं हिंदी सिनेमातून उचललेलं असतं. ख्रिस्तीनं स्वतः मात्र प्रसिद्ध खटल्यांची पुस्तकं वाचून काढली आणि वकिलांकडून तपशील तपासून घेतला, असं तिनं आत्मचरित्रात लिहिलं आहे. उसनं घ्यायचं तर तिची मेहनत घ्या.

पण हातोडा काढून टाकला की काम झालं असं नाही. खरा घोटाळा कायद्याच्या गाभ्यात आहे आणि रूपांतर करणारे तिथं फिरकतच नाहीत. इंग्रजी खटल्यात निकाल ज्यूरी देते. आपल्याकडे ज्यूरी मोडीत निघाली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच ठेवली नाही. तरी १९८६ च्या 'एक रुका हुआ फ़ैसला'त बारा भारतीय माणसं एका खोलीत बसून आरोपीचा निकाल ठरवताना दिसतात. सिनेमा उत्तम, पण त्या खोलीला हिंदुस्थानात पत्ता नाही. 'विटनेस'ची गाठ तर बायकोच्या साक्षीवर आहे. नवऱ्याविरुद्ध बायकोला साक्षीला उभं करता येतं का, या तेव्हाच्या इंग्रजी कायद्यातल्या प्रश्नावर ती बसलेली आहे. आपल्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात कलम १२० प्रमाणे फौजदारी खटल्यात आरोपीची बायको सक्षम साक्षीदार होतीच. अडचण वेगळी होती: कलम १२२ प्रमाणे लग्न टिकून असताना नवऱ्यानं तिला जे सांगितलं ते त्याच्या संमतीशिवाय तिला उघड करता येत नसे. म्हणजे इथं ती साक्षीला येऊ शकते, पण नवऱ्यानं रात्री तिच्या कानात जे सांगितलं नेमकं तेच सांगू शकत नाही. यात इंग्रजी नाटकापेक्षा कमी नाट्य आहे का? मला तर जास्त दिसतं. ती गाठ सोडून नव्यानं बांधायची मात्र तयारी हवी.

तिसरं म्हणजे निर्दोष सुटणं. ख्रिस्तीच्या काळच्या इंग्लंडमध्ये ज्यूरीनं निर्दोष म्हटलेल्या माणसाला त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा हात लावता येत नसे. अशा नाटकांतली सगळी धास्ती त्या शेवटच्या शब्दातून येते. आपल्याकडे तो शब्द शेवटचा नसतो. सरकार अपिलात जाऊ शकतं. आणि ज्यूरीचा शब्द शेवटचा नसण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण मुंबईतच घडलं. २७ एप्रिल १९५९ ला नौदल अधिकारी कावस नानावटीनं प्रेम आहुजाला गोळ्या घातल्या. ज्यूरीनं आठ विरुद्ध एक मतानं त्याला निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना तो निकाल पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथं जन्मठेप झाली, २४ नोव्हेंबर १९६१ ला सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली आणि १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. बाहेर 'ब्लिट्झ' साप्ताहिक त्याची बाजू लढवत होतं, रस्त्यावर लोक त्याच्यासाठी जमत होते. मधुसूदन कालेलकरांचं 'अपराध मीच केला' याच खटल्याच्या सावलीत लिहिलं गेलं. एका माणसाचं नशीब असं पुन्हा पुन्हा फिरणं, हे कुठल्या इंग्रजी नाटककाराला सुचलं असतं?

म्हणून माझं संस्थांना सांगणं सरळ आहे. इंग्रजी नाटक करायचं तर ते लंडनमध्येच राहू द्या, विग आणि ज्यूरीसकट, आणि भाषांतर करा. नाहीतर ते १९५० च्या दशकातल्या मुंबईत आणा, जेव्हा इथं ज्यूरी बसत होती, म्हणजे ज्यूरी तरी खरी वाटेल. किंवा आजच्या ठाणे जिल्ह्यात आणा आणि मग सगळं नव्यानं लिहा: ज्यूरी नाही, एकटा न्यायाधीश, मराठीत चालणारं कामकाज, पंचनाम्यावर न वाचता सही केलेला पंच, सहा वर्षांनी साक्षीला आलेला आणि तारीख न आठवणारा शेजारी. हे तिन्ही मार्ग चांगले आहेत. चौथा, म्हणजे 'विटनेस'मधल्या 'मिस्टर व्होल'च्या जागी 'मिस्टर देशपांडे' टाकून बाकी जसंच्या तसं ठेवण्याचा, तो बंद करा.

इथं 'कोर्ट'वाले उठतील. चैतन्य ताम्हाणेंचा तो सिनेमा राष्ट्रीय पुरस्काराचा मानकरी ठरला. त्यात लोकशाहीर नारायण कांबळे यांचा खटला तारखांमागून तारखा चालतो आणि कुणीही मोठं भाषण करत नाही. तो पाहिल्यावर नाट्यमय कोर्ट उभं करणं म्हणजे फसवणूक, असं आता सर्रास म्हटलं जातं. मला तो सिनेमा फार आवडतो. पण सिनेमानं रटाळपणा दाखवला म्हणून रंगभूमीनं उलटतपासणी विसरावी, हे कुठलं तर्कशास्त्र? सत्र न्यायालयात एक दिवस बसून बघा. चार तास कंटाळा येतो, आणि मग एक वकील एक प्रश्न विचारतो आणि सगळ्यांची मान वर होते. नाटक त्या एका प्रश्नाचं असतं. आणि त्या सिनेमातली एक गोष्ट त्याचे चाहते सोयीनं विसरतात. सरकारी वकील बाई सुट्टीच्या दिवशी सहकुटुंब मराठी नाटकाला जातात. त्या नाटकात परप्रांतीय तरुणाला घराबाहेर काढलं जातं आणि प्रेक्षागृह टाळ्या वाजवतं. ताम्हाणेंनी आरोपीच्या पिंजऱ्यात कोर्टनाटकाला उभं केलेलं नाही. त्यांनी उभं केलंय ते त्या टाळ्यांना.

मीरा-भाईंदरमध्ये राहणाऱ्याला हे जास्त टोचतं. २०२५ मध्ये भाषेवरून इथं मारहाण झाली, जुलैत व्यापाऱ्यांचा मोर्चा निघाला, मग मराठी माणसांचा निघाला. त्या आठवड्यात सगळे मराठीबद्दल बोलत होते आणि मराठीत काही ऐकण्यासारखं फारच थोडे बोलत होते. भाईंदरचा गुजराती प्रेक्षक नाटकाला तिकीट काढून जाणारा आहे. रहस्यनाटकांची देवघेव मराठी आणि गुजराती रंगभूमीत वर्षानुवर्षं चालत आली आहे. तो प्रेक्षक विनोदी मराठी नाटकात अर्धे विनोद हुकतात म्हणून बसत नाही, पण खुनी कोण हे कळायचं बाकी असेल तर तो बसेल, आणि बसला की अडीच तास नेमकं, धारदार, युक्तिवादाचं मराठी त्याच्या कानावरून जाईल. मराठी प्रेक्षकालाही ते कमीच ऐकायला मिळतं. आपली रंगभूमी हल्ली कोटीची भाषा बोलते किंवा रडण्याची. समोरच्याचं म्हणणं पूर्ण ऐकून, त्यातलं एक पद उचलून, ते उलटवण्याची भाषा फक्त कोर्टाच्या नाटकात उरली आहे.

टीकाकारांचा एक आरोप मात्र मी पूर्ण मान्य करतो, आणि तो त्यांनी फारसा केलेलाच नाही. आपल्याकडची कितीतरी रहस्यनाटकं 'एका इंग्रजी नाटकावरून' असं बारीक अक्षरात छापून किंवा तेही न छापता उभी राहतात. मूळ लेखकाचं नाव नाही, परवानगी नाही, मानधन नाही. हा नाट्यप्रकार हलका आहे असं मानल्यामुळेच त्याची चोरी कुणाला चोरी वाटत नाही. रंगमंचावर दोन तास कायद्याच्या गोष्टी करायच्या आणि पडद्यामागं परवान्याचा कागद नसावा, हे संस्थांनी थांबवायला हवं. 'अ परफेक्ट मर्डर' हे विजय केंकरे यांचं नाटक फ्रेडरिक नॉटच्या 'डायल एम फॉर मर्डर'वर उभं आहे, हे प्रेक्षकाला माहीत असल्यानं त्याच्या रंगण्यात काही कमी झालं नाही. मराठीत नव्यानं लिहिलं असेल तर तसं छाती पुढे काढून सांगा, आणि घेतलं असेल तर कुणाकडून घेतलं ते पहिल्या जाहिरातीत छापा. ॲगाथा ख्रिस्ती १९७६ मध्ये वारली. आपल्या कायद्याप्रमाणे तिच्या नाटकांचे हक्क २०३६ च्या ३१ डिसेंबरपर्यंत राखीव आहेत. तालीम सुरू करण्याआधी हक्कधारकांना पत्र लिहा.